‘कृत्रिम’ आणि ‘वांझ’ : गर्भाशयी रेतनाच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

१

शास्त्रीय परिभाषेची परीक्षा सामान्यतः दोन कसोट्यांवर केली जाते. शब्द मूळ संकल्पनेशी प्रामाणिक आहे काय, ही पहिली. आणि तो भाषेच्या प्रकृतीला मानवतो काय, ही दुसरी. मराठीतील परिभाषेचा वाद बहुतांशी दुसऱ्या कसोटीभोवती फिरत आला आहे. शब्द संस्कृतातून घडवावा, इंग्रजीतून उचलावा की लोकव्यवहारातून शोधावा, ह्या तिढ्यात पहिल्या कसोटीकडे अनेकदा दुर्लक्ष होते. वैद्यकाच्या क्षेत्रात हे दुर्लक्ष महाग पडते. कारण तेथे शब्द केवळ समजण्यासाठी नसतो, तो ऐकून माणूस आपल्या देहावरील उपचाराला संमती देत असतो. शब्दाने चुकीचा अर्थ पोहोचविला, तर संमतीही चुकीच्या गोष्टीला दिली जाते.

ह्या दृष्टीने ज्याची चिकित्सा व्हावी असा एक शब्दसमूह म्हणजे गर्भाशयात शुक्राणू सोडण्याच्या उपचाराविषयीचा. बोलण्यात ह्या उपचाराला ‘आययूआय’ म्हणतात. छापील मराठीत ‘कृत्रिम रेतन’, ‘कृत्रिम गर्भधारणा’, ‘वीर्यरोपण’, ‘वीर्यसेचन’ असे निरनिराळे शब्द आढळतात. ते एकमेकांचे पर्याय म्हणून वापरले जात असले, तरी त्यांचे अर्थ एक नाहीत. आणि त्यांतील बहुतेकांचा अर्थ उपचाराच्या प्रत्यक्ष स्वरूपाशी जुळत नाही. प्रस्तुत विवेचनाचा विषय ही विसंगती, आणि तिचा भार कोणावर पडतो हा प्रश्न, असा आहे.

२

प्रथम वस्तू पाहावी, मग तिचे नाव. स्त्रीच्या बीजकोशातून सामान्यतः महिन्याला एक स्त्रीबीज बाहेर पडते आणि ते बीजवाहिनीत येते. तेथे ते सुमारे एक दिवसच फलनक्षम असते. समागमानंतर शुक्राणूंना योनिमार्गातून गर्भाशयमुख ओलांडून, गर्भाशयातून वर बीजवाहिनीपर्यंत जावे लागते. निघालेल्या कोट्यवधी शुक्राणूंपैकी अत्यल्प तेथवर पोहोचतात. शुक्राणू कमी किंवा मंद असले, गर्भाशयमुखाशी अडथळा असला किंवा काही कारणाने समागमच होऊ शकत नसला, तर हा प्रवास मध्येच खुंटतो.

उपचारात ह्या प्रवासाचा फक्त पहिला टप्पा वगळला जातो. वीर्य प्रयोगशाळेत धुऊन त्यातील चपळ शुक्राणू वेगळे केले जातात. हे आवश्यकच असते. कारण वीर्यातील द्रव जसाच्या तसा गर्भाशयात गेल्यास त्यातील प्रोस्टाग्लँडिन ह्या द्रव्यांमुळे तीव्र कळा येतात. वेगळे केलेले शुक्राणू थोड्या द्रवात घेऊन एका बारीक, मऊ नळीने गर्भाशयमुखातून आत सोडले जातात. काम काही मिनिटांचे असते, भूल द्यावी लागत नाही. स्त्रीबीज केव्हा बाहेर पडेल ह्याचा अंदाज सोनोग्राफीने घेतात. ते बाहेर पडावे म्हणून इंजेक्शन दिले असेल, तर त्यानंतर २४ ते ३६ तासांच्या सुमारास शुक्राणू सोडण्याची वेळ धरतात. पुष्कळदा बीज परिपक्व व्हावे म्हणून आधी क्लोमिफीन किंवा लेट्रोझोल ह्यांसारखी औषधेही दिली जातात. किमान एक बीजवाहिनी मोकळी असणे ही मात्र अट आहे. कारण पुढचे सारे तेथेच घडावयाचे असते.

‘पुढचे सारे’ हे शब्द येथे महत्त्वाचे. शुक्राणू वर जातात ते स्वतःच्या गतीने. स्त्रीबीजाशी त्यांचा संयोग बीजवाहिनीत होतो, म्हणजे शरीराच्या आत, कोणाच्याही हाताविना. फलित बीज गर्भाशयात उतरून रुजते तेही आपल्या आपण. ह्याउलट, शरीराबाहेर काचपात्रात फलन घडवून गर्भ गर्भाशयात ठेवणे हा सर्वस्वी वेगळा उपचार होय. त्या उपचाराने इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी व कोलकात्यात त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला डॉ. सुभाष मुखर्जी ह्यांच्या प्रयत्नाने बालके जन्मली. आणि मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंदकुमार ह्यांच्या कार्यातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी. एका उपचारात फलन मानवी हातांनी साधले जाते, दुसऱ्यात केवळ वाट जवळची केली जाते. हा भेद परिभाषेने टिकविला पाहिजे, एवढी किमान अपेक्षा आहे.

३

‘कृत्रिम गर्भधारणा’ हा शब्द ती पुरी करीत नाही. तो दोन्ही उपचारांना सरसकट लावला जातो, हा त्याचा लहान दोष. मोठा दोष हा की, जे कृत्रिम नाही त्यालाच तो कृत्रिम म्हणतो. ह्या उपचारात कृत्रिम असे काही असेल, तर ते शुक्राणूंचे आत नेणे होय. गर्भाची धारणा नव्हे. विशेषण एका क्रियेचे आणि लावले गेले दुसरीलाच. परिणामी ऐकणाऱ्याच्या मनात दोन समज घर करतात. एक, होणारे मूल ‘खरे’ नव्हे, काहीतरी बनविलेले आहे. मराठीत ‘कृत्रिम’ हा शब्द फुले, दात व हास्य ह्यांना लागतो, तेव्हा खोटेपणाची छटा त्याच्या अंगी मुरलेली आहे. दोन, डॉक्टरांनी धारणा ‘केली’ म्हणजे ती झालीच पाहिजे. न झाल्यास जिच्या शरीरात ती केली तिचे काही चुकले असावे.

‘कृत्रिम रेतन’ हा शब्द अर्थाने अधिक काटेकोर आहे, कारण त्यात क्रिया योग्य सांगितली आहे. पण शब्द कोशात एकटा राहत नाही, तो आपल्या संगतीने ओळखला जातो. महाराष्ट्राच्या खेड्यांत ‘कृत्रिम रेतन’ म्हटले की गुरांचा दवाखाना डोळ्यांपुढे येतो. मणिभाई देसाई ह्यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे भारतीय अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन स्थापिले. गोठविलेल्या वीर्याने गाईंचे रेतन शेतकऱ्याच्या दारात नेण्याच्या त्या संस्थेच्या आणि शासकीय पशुवैद्यकीय केंद्रांच्या कामातून हा शब्द घरोघर पोहोचला. शब्द रुळला ही भाषेची कमाई. परंतु जो शब्द गोठ्यात रुळला, तोच तपासणीच्या खोलीत स्त्रीपुढे उच्चारला गेला तर तिला अवमान वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्यावर शास्त्रीय अचूकतेची सबब पुरत नाही.

‘वीर्यरोपण’ ह्या शब्दात वेगळी अडचण आहे. ‘रोपण’ म्हणजे लावणे, रुजविणे. फलित बीज गर्भाशयाच्या अस्तरात रुजते त्या घटनेलाही मराठीत ‘रोपण’च म्हणतात. एकाच प्रक्रियेच्या दोन टोकांना एकच शब्द लावल्याने, नळीने शुक्राणू सोडले त्याच दिवशी काही ‘रुजले’ असा भ्रम उत्पन्न होतो. शिवाय आत जाते ते वीर्य नसून त्यातून निवडलेले शुक्राणू असतात. ‘वीर्य’ शब्दाला संस्कृतापासून पराक्रमाचा अर्थ चिकटलेला असल्याने ते ‘धुणे’ किंवा ‘कमी भरणे’ हे पुरुषाच्या कानाला केवळ प्रयोगशाळेचे निष्कर्ष वाटत नाहीत. जुन्या पुस्तकांतील ‘शुक्रजंतू’ हा शब्द मागे पडून ‘शुक्राणू’ आला हे मात्र इष्ट झाले. ‘जंतू’ म्हणजे रोगाचे कारण, असे मराठी मनाचे समीकरण आहे.

४

‘कृत्रिम’ हे विशेषण मराठीने स्वतः कल्पिलेले नाही. ते युरोपीय शास्त्राकडून आले. इटलीतील लाझारो स्पालान्झानी ह्यांनी १७८० च्या सुमारास एका कुत्रीवर हा प्रयोग केला आणि बासष्ट दिवसांनी तिला तीन पिल्ले झाली. त्याच शतकाच्या उत्तरार्धात लंडनचे शल्यवैद्य जॉन हंटर ह्यांनी मूत्रमार्गाच्या जन्मजात दोषामुळे अपत्यहीन असलेल्या एका कापड-व्यापाऱ्याला वीर्य पिचकारीने पत्नीच्या योनिमार्गात सोडण्याचा सल्ला दिला. तिला गर्भ राहिला, आणि हा वृत्तान्त १७९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पिचकारी पतीची, वीर्य पतीचे आणि कृती घरातील. तेथे ‘कृत्रिम’ ह्या शब्दाचा अर्थ ‘समागमाविना’ एवढाच होता.

त्या इतिहासातील दुसरे प्रकरण मात्र वेगळे आहे. १८८४ मध्ये फिलाडेल्फिया येथे विल्यम पॅनकोस्ट ह्या प्राध्यापकाने एका दांपत्याची तपासणी केली. दोष पतीकडे, त्याच्या वीर्यात शुक्राणूच नाहीत, असे आढळले. पत्नीला क्लोरोफॉर्मची भूल देऊन, विद्यार्थ्यांच्या देखत, त्यांच्यापैकीच एकाचे वीर्य तिच्या गर्भाशयात सोडण्यात आले. तिला मुलगा झाला. पतीला पुढे खरे सांगण्यात आले. पत्नीला कधीच नाही. पंचवीस वर्षांनी, १९०९ मध्ये, अ‍ॅडिसन हार्ड ह्यांनी एका वैद्यकीय मासिकात लिहिलेल्या पत्रामुळे ही हकिगत उघड झाली. दात्याच्या वीर्याने केलेल्या ह्या उपचाराचा पहिला ज्ञात प्रसंग हा असा, स्त्रीच्या अज्ञानावर उभा आहे. संमती आणि शब्द ह्यांचा संबंध येथे उघड होतो: जिला काहीच सांगितले गेले नाही, तिच्यासाठी शब्दाची गरजच कोणाला भासली नाही.

५

उपचाराच्या नावाकडून आता रोगाच्या नावाकडे वळावयास हवे. कारण दोष कोठे आहे हे सांगणारे शब्दच उपचाराला कोण प्रथम सामोरे जाईल हे ठरवितात.

संस्कृत ‘वन्ध्या’पासून आलेला ‘वांझ’ हा शब्द स्त्री, गाय, म्हैस, झाड आणि जमीन ह्यांना लागतो. ‘वांझोटा’ हे पुल्लिंगी रूप भाषेत आहे, पण ते रागाला किंवा वादाला लागते. पुरुषाला सहसा लागत नाही. पुरुषासाठी जे शब्द आहेत, ‘नपुंसक’ व ‘षंढ’, त्यांचा अर्थ समागमाची असमर्थता असा आहे. वस्तुतः समागमक्षम पुरुषाच्या वीर्यातही शुक्राणू अल्प असू शकतात किंवा मुळीच नसू शकतात, आणि त्याला स्वतःला त्याची कोणतीही खूण जाणवत नाही. म्हणजे समर्थ परंतु अपत्योत्पादनास अक्षम अशा पुरुषाला रोजच्या मराठीत नावच नाही. ‘निपुत्रिक’ हा शब्द दोघांनाही लागतो, पण तो कारण सांगत नाही, केवळ अभाव सांगतो. आणि तोही पुत्राचा.

ही शब्दाची उणीव निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ मधील अहवालानुसार जगातील सुमारे १७.५ टक्के प्रौढांना, म्हणजे साधारण सहापैकी एकाला, आयुष्यात केव्हातरी वंध्यत्वाचा अनुभव येतो. अपत्यहीन दांपत्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने आढळते. वीर्याची तपासणी ही साधी व वेदनारहित आहे. बीजवाहिन्या मोकळ्या आहेत की नाहीत हे पाहण्याची क्ष-किरण तपासणी स्त्रीला त्रासाची असते. तर्काने पाहता पहिली तपासणी आधी व्हावी. परंतु जिथे पुरुषाला उपलब्ध असलेला एकमेव शब्द त्याच्या पुरुषत्वावर आघात करतो, तिथे तो तपासणी टाळतो, आणि स्त्री आपल्या शब्दासह सारे सोसते. ‘पुरुष वंध्यत्व’ हा अलीकडचा जोडशब्द ही उणीव भरू पाहतो. पण मूळ शब्द स्त्रीलिंगी प्रकृतीचा असल्याने तो अजून कागदावरच आहे. ‘पुरुषदोष’ हा पर्याय तर त्याहून वाईट. कारण ‘दोष’ म्हणजे मराठीत उणीवही आणि अपराधही.

६

शब्दसंग्रहाने जे बिघडविले, ते व्याकरणाने काही अंशी सावरून धरले आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. ‘तिला दिवस गेले’, ‘तिला गर्भ राहिला’ ह्या रूढ वाक्यांत स्त्री कर्त्याच्या नव्हे, चतुर्थीच्या रूपात येते. ‘तिला भूक लागली’, ‘तिला ताप आला’, ‘तिला आठवण झाली’ ही ह्याच घाटाची वाक्ये. ज्या घटना माणसाच्या इच्छेने घडत नाहीत, त्याच्याकडे येतात, त्यांच्यासाठी मराठीने हा प्रयोग राखून ठेवला आहे. गर्भ राहणे ही कोणाची कृती नाही, ती घडण्याची गोष्ट आहे, हे आजीच्या बोलीला जितके नेमके ठाऊक होते, तितके ‘कृत्रिम गर्भधारणा करणे’ ह्या नव्या रचनेला ठाऊक नाही. नवी रचना सकर्मक आहे. तिला कर्ता लागतो, आणि यशाचा कर्ता डॉक्टर ठरतो. अपयशाला मात्र ती कर्ता देत नाही. तेथे जुनीच चतुर्थी परत येते: ‘तिला राहिले नाही.’

ह्या वाक्यातील अन्याय आकड्यांनी स्पष्ट होतो. ह्या उपचाराचे यश वय, कारण व औषधयोजना ह्यांनुसार बदलते, तरी एका चक्रात ते साधारणतः शंभरांत दहा ते वीस इतकेच असते. निरोगी तरुण दांपत्यालाही एका महिन्यात गर्भ राहण्याचा संभव शंभरांत वीस-पंचविसांहून फारसा अधिक नसतो. प्रत्येक चक्रात पंधरा टक्के संभव धरला आणि तीन चक्रे केली, तरी शंभर स्त्रियांपैकी सुमारे एकसष्ट जणींना गर्भ राहिलेला नसेल. ह्या एकसष्ट जणींपैकी कोणाचेच काही चुकलेले नाही. हे गणित आहे, निकाल नव्हे. परंतु ‘तीन वेळा फेल गेले’ ह्या बोलण्यातील शब्द परीक्षेचा आहे, आणि परीक्षेत नापास होणारी व्यक्ती एकच असते.

पुरुषाला तर ह्या घाटात जागाच नाही. त्याचा सहभाग सांगणारे, ‘दिवस जाणे’ ह्याच्या तोडीचे एकही रूढ वाक्य मराठीत नाही. कूस उजवते ती स्त्रीची; न उजवली तर तीही स्त्रीचीच.

७

दात्याच्या वीर्याचा प्रश्न आला की, चर्चा लगेच नियोगाकडे जाते. हे साम्य वरवरचे आहे, आणि ते तपासल्याशिवाय वापरणे धोक्याचे आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्री हे क्षेत्र व पुरुष हे बीज, असे रूपक योजून अपत्य क्षेत्राच्या धन्याचे की बीजाच्या, हा वाद मांडला आहे. ‘क्षेत्रज’ पुत्र ही संज्ञा त्यातूनच आली. ह्या रूपकाने स्त्रीचा वाटा केवळ भूमीचा ठरविला, आणि त्याचे सामाजिक परिणाम लीला दुबे ह्यांनी १९८६ मधील बीज व भूमी ह्या प्रतीकांवरील आपल्या लेखात उलगडून दाखविले. १८२७ मध्ये कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर ह्यांना सस्तन प्राण्यांचे अंड आढळले, आणि रूपकाचा पायाच ढासळला. मराठीने ह्या शोधाला ‘स्त्रीबीज’ हा शब्द दिला, ही तिच्या परिभाषेतील एक मोठी पण अलक्षित राहिलेली घटना आहे. एका साध्या समासाने क्षेत्राला बीज मिळाले. खेदाची गोष्ट एवढीच की, शब्द बदलला तरी रूपक गेले नाही. ‘वंशाचा दिवा’ अजून पुरुषाच्याच बीजाने लागतो.

नियोगात नियुक्त पुरुष ज्ञात, बहुधा पतीचा आप्त असे. इरावती कर्वे ह्यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) विदुर हाच युधिष्ठिराचा पिता असावा असा जो तर्क केला, त्याचे बळ ह्याच रूढीत आहे. आजचा दाता त्याच्या अगदी उलट, अज्ञात असतो. २०२१ चा साहाय्यित जननतंत्रविषयक केंद्रीय कायदा २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. त्यानुसार वीर्यदाता २१ ते ५५ वर्षे वयाचा असावा लागतो. एका दात्याचे वीर्य एकाहून अधिक दांपत्यांना देता येत नाही. दात्याचे पितृत्वाचे हक्क उरत नाहीत. आणि जन्मणारे मूल त्या दांपत्याचे जैविक अपत्य मानले जाते. केवळ गर्भाशयी रेतन करणाऱ्या चिकित्सालयांचा प्रथम स्तर म्हणून स्वतंत्र वर्ग त्याखालील नियमांनी केला आहे. ‘जैविक’ हा शब्द येथे निसर्गाचे वर्णन करीत नाही, कायद्याची इच्छा सांगतो. ‘औरस’ ह्या जुन्या संज्ञेने जे काम केले असते, ते जीवशास्त्राच्या शब्दाकडून करून घेतले आहे.

महाभारतातील प्रसंगात खरे साम्य आहे ते निराळ्याच ठिकाणी. सत्यवतीने अंबिकेला दीर येईल एवढेच सांगितले. कोणता दीर, हे सांगितले नाही. अंबिकेच्या मनात भीष्म व इतर कुरुश्रेष्ठ होते, आणि आले व्यास. तिने डोळे मिटले. फिलाडेल्फियाच्या त्या स्त्रीचे डोळे क्लोरोफॉर्मने मिटले होते. दोन्हीकडे वंश चालला. दोन्हीकडे जिच्या देहातून तो चालला तिला पुरते सांगितले गेले नव्हते. आजच्या कायद्याने लेखी संमती आवश्यक केली आहे. परंतु संमतीपत्राचे मराठी जर तिला कळत नसेल, किंवा कळून भलतेच कळत असेल, तर डोळे मिटलेलेच राहतात.

८

ह्यावर एक आक्षेप संभवतो: ‘आययूआय’ ही तीन अक्षरे सर्वत्र रूढ आहेत, तेव्हा मराठी शब्दाची उठाठेव कशाला? आक्षेपात तथ्य आहे. ही अक्षरे निर्विकार आहेत. त्यांत ना गोठा आहे, ना खोटेपणा. सासरच्या माणसांसमोर स्त्रीला ती उच्चारता येतात, हा त्यांचा उपयोग कमी लेखता येणार नाही. परंतु जी अक्षरे काहीच झाकत नाहीत असे वाटते, ती काहीच उघडही करीत नाहीत. सोडले ते पतीचे की दात्याचे, ह्यासारखा निर्णायक भेदही त्यांत बुडून जातो. अक्षरे नाव म्हणून राहावीत. स्पष्टीकरण म्हणून ती पुरत नाहीत.

स्पष्टीकरणासाठी नवा समास घडविण्याचीही गरज नाही. शास्त्रीय लेखनात ‘कृत्रिम’ वगळून ‘गर्भाशयी रेतन’ एवढे म्हणावे. वर्गाच्या नावासाठी कायद्याने पत्करलेली साहाय्याची कल्पना कृत्रिमतेच्या कल्पनेहून सत्याला जवळची आहे. रुग्णापुढे मात्र नामापेक्षा क्रियापद बरे: ‘पतीचे निवडलेले शुक्राणू गर्भाशयात सोडतात, पुढे गर्भ राहणे न राहणे शरीरावर आहे, आणि बहुतेक वेळा पहिल्या खेपेस तो राहत नाही.’ ह्या वाक्यात एकही अवघड शब्द नाही, आणि एकही असत्य नाही. पुरुषाच्या बाबतीतही ‘वीर्यात शुक्राणू कमी आहेत’ हे वर्णन करावे, त्याला विशेषण लावू नये. कारण वर्णनावर उपाय करता येतो, विशेषण चिकटून बसते.

अशा निर्भीड साधेपणाची परंपरा मराठीला नवी नाही. र. धों. कर्वे ह्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले, ते शरीराच्या व्यवहारांविषयी आडपडदा न ठेवता मराठीत लिहिता येते हे दाखवीतच. त्यांच्यापुढील प्रश्न संतती नको असलेल्यांचा होता. आजचा प्रश्न ती हवी असलेल्यांचा आहे. दोहोंत गरज एकच: जिच्या शरीरावर उपाय होणार, तिला तो तिच्या भाषेत खराखुरा कळला पाहिजे. परिभाषेची पहिली कसोटी प्रामाणिकपणाची म्हणतात, ती ह्याच अर्थाने.